समोर आल्यास ओळखेन

मळवटाचं उदाहरण मी ठरवून दिलं नव्हतं. बारावीची उजळणी चालली होती, परीक्षेला तीन आठवडे उरलेले, आणि स्मृतीचं प्रकरण मी दरवर्षी घेते तसंच घेत होते. म्हणजे आधी तमाशा, मग व्याख्या. आमच्या कॉलेजचा शिपाई ईरण्णा दरवर्षी मुलांनी कधी न पाहिलेला एखादा पाहुणा गाठून आणतो. तो पाहुणा भर तासाला आत शिरतो, टेबलावरचं हजेरीपत्रक उचलतो आणि पळतो. मग मी मुलांना म्हणते, चला, चोराचं वर्णन लिहा. यंदा ईरण्णाचा मेव्हणा आला होता, चन्नबसप्पा नावाचा, अक्कलकोटकडचा, लाजाळू माणूस. त्याला पळायचीसुद्धा लाज वाटत होती, तो हजेरीपत्रक काखेत मारून नुसता भरभर चालत गेला. मुलं आपापले कागद वाचू लागली. पहिल्याच मुलानं ठणकावून सांगितलं, दाढी होती. त्याच्यानंतरच्या बारा जणांपैकी नऊ जणांच्या चोराला दाढी फुटली. त्यातल्या दोघांच्या बाकाशी जाऊन मी कागद पाहिले, तर तिथं दाढीचा पत्ताच नव्हता. वाचता वाचताच ती त्यांनी चिकटवून दिली होती. शेवटी चन्नबसप्पाला दारात उभं केलं. तुळतुळीत गाल, निळा शर्ट. वर्ग खदखदून हसला आणि तो बिचारा ईरण्णाला विचारत होता, "दाजी, ह्ये कुनाबद्दल बोलायलेत?"

इथपर्यंत सगळं दरवर्षीसारखं. मग फळ्यावर मी लिहिलं, शस्त्र आणि साक्षीदाराचं लक्ष. पुस्तकात पिस्तुलाचं उदाहरण आहे. माणसाच्या हातात पिस्तूल असलं की बघणाऱ्याची नजर पिस्तुलावर खिळते, चेहरा राहून जातो. तुळजापूरच्या पोरांना पिस्तुलाचं काय सांगायचं, असं मनात आलं आणि मी बोलून गेले, "समजा नवरात्रात समोरून कुणी कपाळभर मळवट भरून आला, तर नंतर तुम्हाला त्याचं नाक कसं होतं ते सांगता येईल का?" पुन्हा हशा. इथल्या प्रत्येकाला ते लालभडक कपाळ माहीत आहे, पाव बोट जाड कुंकू, भुवईपासून केसांपर्यंत. दुसऱ्या बाकावरच्या शिवप्रियानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हेच उदाहरण पेपरात लिहिलं तर मार्क देतील का?" मी म्हटलं, देतील. आणि खुर्चीवर बसले. तासाला मी कधी बसत नाही. मुलांनी वह्यांत लिहून घेतलं, मळवट, नाक, आणि मी त्यांच्या खाली वाकलेल्या माना बघत राहिले. कारण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला धाराशिवच्या कोर्टात शपथेवर सांगायचं होतं की कपाळभर मळवट भरलेल्या एका माणसाचा चेहरा मला स्वच्छ आठवतो.

दोन वर्षांपूर्वीची अष्टमी. दुपारी चारच्या सुमाराला मी आमच्या बोळाच्या पायऱ्या चढत होते आणि प्रेमलाकाकू वरून उतरत होत्या. काकू आमच्या शेजारच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मला कुरडयांचा चीक घोटायला त्यांनीच शिकवलं आणि चीक बिघडल्यावर माझ्या सासूसमोर दोष आपल्या माथी घेतला. त्यांच्या हातात ओटीचं ताट होतं, त्यात दह्याची वाटी, मला बघून त्या काहीतरी बोलणार होत्या, तोंड उघडलं होतं. त्यांच्या मागून एक माणूस आला. गळ्यातल्या बोरमाळेला हिसका बसला, मणी पायऱ्यांवरून टणटणत खाली आले, काकू कलंडल्या, आणि तो माणूस माझ्या खांद्याला घासून खाली गेला. दोन सेकंद, फार तर तीन. मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, अनवाणी पाय. मी त्याच्यामागं धावले नाही, काकूंकडे धावले. त्यांचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं होतं. सहाव्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात त्या गेल्या. त्या बोळात त्या क्षणी मी सोडून दुसरं कुणीही नव्हतं, आणि नंतर पोलिसांना जे सापडलं त्यात चोरीची बोरमाळ नव्हती, कुणाच्या फोनमधलं चित्रण नव्हतं, कॅमेरा नव्हता. खटल्यात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे मी.

पोलिसांनी तिसऱ्या दिवशी शंभूला धरलं. नळदुर्गकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर काम करणारा, आधी एकदा मोटारसायकल चोरीत सापडलेला. देवीला आलो होतो, एवढंच तो सांगत होता. नवरात्रात देवीला आलो होतो हे लाखभर माणसं सांगू शकतात. काकू गेल्यानंतर दोन दिवसांनी ओळख परेड झाली. मला नेलं ते काकूंच्या मुलानं, राघवेंद्रनं, त्याच्या गाडीतून. त्याच्या डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले होते, पांढरी टाळू, मानेवर वस्तऱ्याची बारीक चीर. मी उतरताना तो म्हणाला, "वहिनी, नीट बघा." आत सात माणसं ओळीनं उभी होती. मी चालत गेले आणि तिसऱ्याच्या खांद्याला हात लावला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. बाहेर पडताना कुणीतरी खाकीतला माणूस हळूच म्हणाला, "बरोब्बर मॅडम, तोच." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं, मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने आरोपीस क्षणात ओळखले. त्या कात्रणाला यज्ञेशनं, माझ्या नवऱ्यानं, प्लास्टिकचं कव्हर घातलं. तो पाटबंधारे खात्यात कारकून आहे, कागदाची त्याला फार कदर.

मला स्वतःचा राग येतो तो इथं. तेरा वर्षं मी हा विषय शिकवते आहे. साक्षीदाराची खात्री आणि साक्षीदाराचा अचूकपणा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की हात आपोआप चालतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परेडच्या दिवशी मला एकदाही वाटलं नाही की हे प्रकरण आपल्याला लागू आहे. ते पुस्तकातल्या साक्षीदारांना लागू होतं, आणि ते साक्षीदार कुठंतरी लांब, पिस्तुलांच्या देशात राहत होते. मला तर दिसलं होतं. कुणीही विचारलं तरी मी सांगत होते, आणि गल्लीत विचारणाऱ्यांना तोटा नव्हता. काकूंच्या दिवसांना आलेल्या बायका, त्यांच्या माहेरची माणसं, दर सणाला नवा पाहुणा. राघवेंद्र त्यांना आमच्या ओट्यावर घेऊन यायचा आणि म्हणायचा, "वहिनींनी डोळ्यानं बघितलंय, सांगा वहिनी." मी सांगायचे. सुरुवातीला अडखळत, मग सरावानं. कुठं थांबायचं, कुठं बायका डोळ्यांना पदर लावतात, ते मला कळू लागलं होतं. पहिल्या वर्षी तो माणूस माझ्या बाजूनं नुसता गेला होता; पुढं पुढं तो जाताना माझ्याकडे वळून बघू लागला. त्याच्या डाव्या भुवईवर जुनी खूण होती, भुवई मधोमध तुटलेली. ती खूण तर मी हातानं करून दाखवायचे, बोटानं भुवईवर रेघ ओढून. राघवेंद्रची लेक भैरवी, पाच वर्षांची, तीही आता खेळताना भुवईवर बोट ओढते आणि म्हणते, मी चोर.

तास संपवून घरी आले, चहा केला आणि तो तसाच निवू दिला. डोळे मिटून बघितलं. मुलांना मी सांगते, आठवायचं असेल तर आधी जागा आठवा, मग वास, मग आवाज. जागा आली. कुंकवाचा आणि पायऱ्यांवर सांडलेल्या दह्याचा वास आला. मणी टणटणले. आणि तो आला, मळवट, त्याखाली तुटलेली भुवई, शंभूचं तोंड, माझ्याकडे वळलेलं. इतकं स्पष्ट की मी त्याचे दात मोजू शकले असते. मग मी मुद्दाम दुसऱ्या बाजूनं गेले, परेडमधल्या माणसांकडे. सात जण. सहा जणांची कपाळं कशी होती? साधी. तिसऱ्याचं? तिसऱ्याच्या कपाळावर काहीतरी होतं. लालसर, खडबडीत. आणि मला माझ्याच न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली दिसली. रस्त्यावरचं कुंकू यज्ञेशला मानवत नाही. दर नवरात्रात तो हौसेनं मळवट भरून घेतो आणि पुढं पंधरा दिवस कपाळावर पुरळ वागवतो, खाजवतो, तेल चोपडतो. निम्म्या गावाचं हेच असतं. दुकानदार, बँकेतला कॅशियर, कॉलेजातले दोन मास्तर. दसऱ्यानंतरची आमची कपाळं कुणी बाहेरच्यानं बघितली तर त्याला वाटेल गावात साथ आली आहे. आम्हाला ते दिसतही नाही, इतकं ते आमचं आहे. मी त्या दिवशी चेहरा ओळखला होता की पुरळ? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, वैदेहीबाई, हे पुरळ तरी तुम्हाला खरंच आठवतंय का? का सकाळच्या उदाहरणानंतर तुम्हीच ते तिसऱ्याच्या कपाळावर चिकटवलंत, त्या पोरांनी दाढी चिकटवली तसं? संशयसुद्धा बाहेरून आत सोडता येतो. तेही त्याच प्रकरणात आहे, दोन पानं पुढं.

यज्ञेश ऑफिसातून आला तेव्हा मी विचारलं, "अहो, त्या वर्षी परेडच्या दिवसांत तुमच्या कपाळावर पुरळ होतं का?"

"दरवर्षीच असतं की. का?" तो बूट काढत म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मोजे बुटात नीट कोंबले. "वैदेही, उद्या साक्ष हाय म्हणून तुझं डोकं चालायलंय. दोन वर्षं एक सांगायलीस, आणि आता एका रात्रीत दुसरं?"

"दुसरं नाही. नक्की नाही, एवढंच."

"तेच दुसरं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "शेजारी राहायचंय आपल्याला. भिंतीला भिंत हाय."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पुस्तकात रेघांचा एक प्रयोग आहे, सगळे जण आखूड रेघेला लांब म्हणतात आणि शेवटचा माणूस डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही तेच म्हणतो. मुलं दरवर्षी त्या माणसाला हसतात. त्याला त्या बाकीच्यांच्या शेजारी राहायचं होतं का, ते पुस्तकात दिलेलं नाही. सहाच्या सुमाराला राघवेंद्रच आला. ओट्यावर टेकला, नेहमीसारखा आत आला नाही. केस आता परत दाट झालेत त्याचे, कानशिलापाशी पांढरे. "वहिनी, सकाळी साडेआठला गाडी काढतो. बाराच्या आत तुमचं होऊन जाईल, सरकारी वकिलांशी बोललोय." मी म्हटलं, "राघवेंद्रभाऊजी, समजा मी चुकले असले तर?" तो हसला. खरंच हसला, समजूत घातल्यासारखा. "वहिनी, तुम्ही? तुम्ही चुकला असता तर एवढ्या दोन वर्षांत कधीतरी तुमच्या बोलण्यात इकडचं तिकडं झालं असतं. एक शब्द बदलला न्हाय तुमचा. मी काय थोड्यांदा ऐकलंय?" त्याला वाटत होतं हा माझ्या बाजूचा पुरावा आहे. मला त्याला सांगता आलं नाही की जे घडलेलं असतं ते दरवेळी थोडं वाकडंतिकडं आठवतं, आणि पाठ केलेलं तेवढं सरळ येतं. उठताना तो म्हणाला, "आईचा फोटो पुसायला घेतला की मनात येतं, बरं झालं वहिनी तिथं होत्या. एकटीनं न्हाय पडली ती." मला काकूंची फार आठवण झाली. त्या त्या वेळी काय बोलणार होत्या ते मला कधीच कळणार नाही, पण त्यांचं ते उघडलेलं तोंड मला आठवतं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून तीच काय ती त्या दुपारची माझ्याकडची खरी वस्तू.

सकाळी गाडीत पुढं राघवेंद्र, मागं मी. यज्ञेशची रजा शिल्लक नव्हती. धाराशिवपर्यंत अर्धा तास लागतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आलेली, आणि मी खिडकीतून दिसणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर डोळे ठेवून ते लगेच मिटत होते आणि काय उरतं ते बघत होते. मोटारसायकलवरचा माणूस, उरलं फक्त हेल्मेट. शेळ्यांमागची बाई, उरलं हिरवं लुगडं. एका म्हाताऱ्याचं काहीच उरलं नाही. इथपर्यंत मजल गेली होती माझी. कोर्टात सरकारी वकील हिंमतराव साहेबांनी खोलीत बोलावलं, चहा मागवला, माझ्यापुढं कागद सरकवले. "मॅडम, तुमचा पहिल्या दिवसाचा जबाब. एकदा नजर टाका. तुम्ही शिकलेल्या, त्यातून ह्याच विषयातल्या. तुमच्या साक्षीवर आपली केस उभी हाय." मी वाचला. अष्टमीच्या संध्याकाळी घेतलेला जबाब, कुणा हवालदाराच्या गोल अक्षरात. अंगाने मध्यम, वय अंदाजे वीस ते पस्तीस, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, अनवाणी. सदर इसम समोर आल्यास मी त्यास ओळखेन. बस. भुवई नव्हती. वळून बघणं नव्हतं. नाक, डोळे, रंग, काहीही नव्हतं. शेवटचं वाक्य मी बोललेच नसणार, ते पोलीस सगळ्याच जबाबांच्या शेवटी घालतात, पण खाली सही माझी होती. काकूंना गाडीत घालून नुकतंच नेलं होतं आणि माझ्या हाताला कुंकू लागलेलं, कागदाच्या कोपऱ्यात त्याचा डागसुद्धा दिसत होता.

"परेडचा कागद आहे का?" मी विचारलं. हिंमतराव साहेबांनी जरा आश्चर्यानं तो काढून दिला. ज्या अधिकाऱ्यानं परेड घेतली होती तो काटेकोर माणूस असावा, त्यानं सातही जणांची वर्णनं लिहून ठेवली होती. इसम क्रमांक तीन, डाव्या भुवईवर जुना व्रण, कपाळावर पुरळ. बाकी सहा जणांच्या पुढं कपाळाचा उल्लेख नव्हता. म्हणजे पुरळ खरं होतं. ते मी चिकटवलेलं नव्हतं. आणि भुवई मी अष्टमीला बघितलेली नव्हती, परेडच्या दिवशी बघितली होती, आणि तिथून उचलून मागं नेऊन त्या पायऱ्यांवर ठेवली होती. मला वाटलं होतं हे कळल्यावर आठवण निवळेल, खोटं गळून पडेल. तिथं खुर्चीवर बसूनच मी डोळे मिटले. पायऱ्या, मणी, मळवट. आणि तुटलेली भुवई, जशीच्या तशी. खोटी आहे हे कळूनही ती जात नाही. हे मी शिकवलेलं आहे, पण अंगावर आल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नसतो. मी हिंमतराव साहेबांना म्हटलं, मला खात्रीनं सांगता येणार नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, दोन वर्षं तो आत हाय ते तुमच्या बोटावर. आता असं म्हणालात तर तो बाहेर. आणि उद्या तोच निघाला तर? त्या गेलेल्या म्हातारीला काय सांगाल?" मी म्हटलं, "आणि तो नसला तर त्याला काय सांगू?" ते उठले, कोट घातला. "वर चला," म्हणाले.

पिंजऱ्यात शंभू होता. मी त्याला परेडनंतर प्रथमच बघत होते. फुगला होता, तुरुंगातल्या माणसांना येते तशी पांढरी सूज, केस विरळ झालेले, वय सव्वीस. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वरच्या पंख्याकडे बघत होता. कपाळ स्वच्छ होतं. शपथ झाली. नाव, वय, धंदा, अष्टमीचा दिवस, बोळ, काकू. हे सगळं मी सांगितलं, न अडखळता. मग हिंमतराव साहेबांनी विचारलं, "ज्या इसमाला तुम्ही त्या दिवशी पाहिलं, तो आज कोर्टात हजर आहे का?" मी शंभूकडे पाहिलं. आणि मळवटाखाली त्याचा चेहरा चपखल बसला. दोन क्षण मला इतकं हलकं वाटलं की मी बोट उचलणारच होते. तोच. दिसतोय तर खरा, मग का म्हणून स्वतःला छळायचं? मागच्या बाकावर राघवेंद्र किंचित पुढं वाकला होता. मी कठड्याला घट्ट धरलं आणि म्हणाले, "मला डोळ्यांसमोर हाच दिसतो, साहेब. पण हा मला परेडपासून दिसतो. त्याच्या आधी दिसला होता का, ते मला माहीत नाही. मी त्या दिवशी मळवट बघितला. आणि परेडमध्ये एकाच माणसाच्या कपाळावर कुंकवाचं पुरळ होतं, मी ते ओळखलं."

टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला कुणी धमकावलंय? काही दबाव?" मी म्हटलं, "दबाव होता. पण तो, हाच तो माणूस असं म्हणण्यासाठी होता." त्यांनी टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं, लिहा, साक्षीदार आरोपीस ओळखू शकत नाही. मी म्हटलं, "तसं नाही, साहेब." ते म्हणाले, "मग कसं?" मला एका वाक्यात सांगता येईना. हिंमतराव साहेबांनी साक्षीदार फितूर धरावा अशी परवानगी मागितली आणि मग पाऊण तास ते मला, आपल्याच साक्षीदाराला, माझ्याच जबाबानं झोडपत राहिले. माझी सही दाखवली. पेपरचं कात्रण दाखवलं. क्षणात ओळखलं होतं ना? हो. तेव्हा शंका होती? नाही. आज आहे? हो. म्हणजे दोन वर्षांनी तुम्हाला जास्त आठवतं? "नाही," मी म्हटलं, "दोन वर्षांनी मला कळलं की कमी आठवतं." कुणीतरी हसलं. शंभू अजून पंख्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून मला काही म्हणता काही ताडता आलं नाही. निर्दोष माणूस अशा वेळी काय करतो? रडतो? गुन्हेगार काय करतो? मी चोरून चोरून त्याच्याकडे बघत होते, अजूनही बघत होते, अजून काहीतरी सापडेल म्हणून.

बाहेर आले तर राघवेंद्र गाडीच्या दारापाशी उभा होता. मी जवळ गेले. तो ओरडेल अशी माझी तयारी होती. त्यानं किल्ली दोनदा या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही बसनं या वहिनी," म्हणाला, आणि दार उघडून आत बसला. गाडी वळवताना आरशात बघून नीट वळवली, घाई केली नाही. मी फाटकाबाहेर आले. आपण चांगलं केलं की कुणाचं तरी वाटोळं केलं हे मला ठरवता येत नव्हतं. एखाद्या माणसाला सोडवून आल्यावर वाटेल तसं काही वाटत नव्हतं. रस्त्याकडेला सावलीत सिमेंटचा बाक होता तिथं टेकले.

"बाई." एक म्हातारा समोर उभा होता. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. "म्या आण्णासाहेब. शंभूचा बाप."

तो पाया पडेल की काय या भीतीनं मी झटकन उठले. "माझे आभार मानू नका, आण्णा. तो नव्हता असं मी म्हटलेलं नाही."

"व्हय. म्या मागंच बसलो व्हतो. समदं आयकलं, म्हनूनच आलो." त्यानं आजूबाजूला बघितलं. "आता हितं कोर्ट न्हाय, वकील न्हाय. म्या देवीच्यान कुनाला सांगनार न्हाय. त्योच व्हता का?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. "तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"दर म्हैन्याला इच्यारतो, जाळीतनं. न्हाय म्हनतो. पन त्यो ल्हानपनापास्नं तसाच न्हाय म्हनतो बाई, केलं आसलं तरी आन् न्हाय केलं तरी. तोंडावरनं कळत न्हाय त्याच्या. आईला बी कळत नव्हतं." तो पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होता. "वकील म्हनला, आता सुटंल. सुटला तर घरीच येनार की. पंगतीला शेजारी बसनार. म्या दोन वर्सं तुमच्या बोलन्याची वाट बगितली. म्हनलं, बाई शिकल्याल्या हायत, त्यांनी डोळ्यानं बगितलंय. त्या व्हय म्हनल्या तर व्हय, न्हाय म्हनल्या तर न्हाय. मंग एकदाचं मन मोकळं हुईल, कसं बी."

मी त्याच्याकडे बघत होते. त्याची डावी भुवई, उजवी भुवई, दोन्ही अखंड, पांढऱ्या. त्याला मी काहीही सांगू शकले असते आणि त्यानं ते आयुष्यभर खरं धरलं असतं. नाही म्हणाले असते तर पोरगा परत मिळाला असता त्याला. ते शब्द तोंडापर्यंत आले होते.

"मला माहीत नाही, आण्णा."

मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं पिशवी बाकावर ठेवली आणि तिच्या शेजारी हळूच टेकला.

"मंजी तुमाला बी ठावं न्हाय," तो म्हणाला. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. "मंग त्यो दारात हुबा ऱ्हायल्यावर म्या त्याच्याकडं कसं बगू, त्ये तरी सांगा."